डोक्यावरची बॅटरी आणि कात्रजच्या टेकड्या

कोंढव्यात आमच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले की कात्रजच्या डोंगरांची रांग दिसते. जुन्या बोगद्याजवळून चढायचे, डोंगराच्या धारेने रात्रभर चालायचे आणि पहाटे सिंहगडाच्या घाटरस्त्यावर उतरायचे, हा पुण्यातल्या भटक्यांचा जुना शिरस्ता. अंतर साधारण १५-१६ किलोमीटर आणि वाटेत लहानमोठ्या तेरा टेकड्या. मुले मोठी झाली, तसा त्यांचा हट्टही मोठा झाला. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही दोघे, मुलगा, मुलगी आणि त्यांचे धाकटे चाचा असे पाचजण निघालो.

पाचजणांत डोक्याला लावायच्या बॅटऱ्या दोनच होत्या. त्यातली एक आम्ही मोठ्या हौसेने आणली होती. तिच्या खोक्यावर ‘५०,००० ल्युमेन’ असे छापले होते. पहिल्या टेकडीवर तिचा झोत समोरच्या उतारापर्यंत पोहोचला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या टेकडीच्या उतारावर ती मंद झाली आणि पाहता पाहता काजव्याएवढी उरली. खाली सगळा घसारा, पाय टाकला की मुरूम सरकतो. मागून लेकीचा आवाज आला, “अब्बू, पाय कुठे ठेवू?”

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. सगळे जागच्या जागी बसलो. मग मोबाइलच्या उजेडात, एकमेकांचा हात धरून, आलो तसे परत फिरलो. अल्हम्दुलिल्लाह, कोणाला इजा झाली नाही. पण तो प्रश्न घरापर्यंत सोबत आला.

पुढच्या आठवड्यात आम्ही बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. वायर, दिवे, पंखे, स्विच, बॅटऱ्या, विजेवर चालणारे जे काही असेल ते या गल्लीत मिळते. एका वयस्क दुकानदारांना आम्ही झाली गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, “साहेब, खोक्यावरचा आकडा छापायला शाई लागते. उजेड पाडायला सेल लागतो.” मग पावतीच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला, तो वाचकांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचे माप. चांगली एलईडी एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन उजेड देते. म्हणजे ५०,००० ल्युमेनसाठी ५०० वॉट हवेत, जवळपास अर्धी इस्त्री कपाळावर बांधल्यासारखे! या बॅटरीत असतो तो बोटाएवढा लिथियम सेल. त्याला १८६५० म्हणतात, कारण तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. त्यात साधारण ९ वॉट-तास वीज मावते. ५०० वॉटचा दिवा ती मिनिटभरात पिऊन टाकेल. सेलवरच्या एमएएचच्या आकड्याचेही तेच. चांगले सेल २,००० ते ३,५०० च्या दरम्यान असतात. त्यावर ९,९०० छापलेले दिसले की समजून जावे.

नेकीने मोजणाऱ्या कंपन्या एफएल-१ नावाच्या प्रमाणाने मोजतात. पण त्यातही वाचायची एक खुबी आहे. उजेड मोजतात तो दिवा लावल्यानंतरच्या पहिल्या एकदोन मिनिटांतला. ‘इतके तास चालते’ म्हणजे तो उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे तास. आणि ‘इतके मीटर दिसते’ म्हणजे जिथे झोत निरभ्र आकाशातल्या पूर्ण चंद्राच्या चांदण्याइतका उरतो, तिथपर्यंतचे अंतर. म्हणून खोक्यावर ‘३०० ल्युमेन’ आणि ‘४० तास’ शेजारी शेजारी छापलेले असले, तरी दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. ३०० ल्युमेनला ३ वॉट लागतात. ९ वॉट-तासांच्या सेलवर ते तीनच तास. तोच सेल १०० ल्युमेनवर आठ-नऊ तास जातो.

आम्ही तीन नव्या बॅटऱ्या घेतल्या आणि जुनी चौथी. एका संध्याकाळी मगरिबनंतर चारही पूर्ण भरून, मोठ्या उजेडावर लावून गच्चीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगल्या आणि झोत पांढऱ्या भिंतीवर सोडले. मुलाने दर अर्ध्या तासाने भिंतीचा फोटो काढायचा, असे ठरले.

आमची ती ५०,०००वाली पहिला अर्धा तास सगळ्यात झगझगीत होती. इशाच्या अजानपर्यंत ती निम्म्यावर आली आणि जेवणे उरकेपर्यंत विझली. दुसरीत तीन बारके सेल होते. ती लावल्यापासून हळूहळू उतरत गेली, पण मध्यरात्रीही पायापुरता उजेड देत होती. तिसरी चार्ज करायची, खोक्यावर ४०० ल्युमेन असे साधेच छापलेली. तिच्यात उजेड स्थिर ठेवणारे सर्किट आहे. ती बराच वेळ एकसारखी चालली, मग एकदम खाली उतरली. म्हणजे तिचा भरवसा आहे, पण चार्ज किती उरला यावर नजर ठेवावी लागते. चौथीत कपाळभर रुंद पट्टीचा दिवा होता. तिचा उजेड अंगणभर पसरतो, पण लांब जात नाही.

मुले पट्टीवालीला हसली. पण त्याच आठवड्यात दौंडकडचे मामू आले आणि त्यांनी ती लगेच उचलली. उसाला पाणी द्यायचे तर शेतीची वीज पाळीने येते, कधी रात्रीचीच. दोन्ही हातांत फावडे आणि पायाखाली घोणस असेल की मण्यार, याचा नेम नाही. “लांबचं बघून काय करू?” मामू म्हणाले. “मला पायाच्या चहूकडं दिसलं पाहिजे.” ती बॅटरी आज त्यांच्याकडेच आहे.

टिकाऊपणाची परीक्षाही घरीच झाली. आयपीएक्स-४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेले पाणी सोसते. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तगते. तिन्ही उरलेल्या बॅटऱ्या शॉवरखाली धरल्या आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकल्या. काच कोणाचीच फुटली नाही. दगा दिला तो बारक्या गोष्टींनी. जुनीची मागच्या डबीकडे जाणारी वायर सैल झाली आणि चार्जिंगच्या भोकावरचे रबर निघून आले. तेव्हा घेताना वायर, बिजागरी, रबर आणि पट्टा हाताने ओढून पाहावा. घरी ठेवताना बारके सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात. लिथियमचा सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात टाकू नये आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

पुढच्या हिवाळ्यात, इस्लामी महिन्याची चौदावी रात्र धरून, आम्ही पुन्हा निघालो. या वेळी पाचजणांना पाच बॅटऱ्या होत्या. मुलांना सेलवाल्या दिल्या, कारण तसले सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात आणि खिशात जादा तीन घेता येतात.

उघड्या धारेवर आम्ही सगळे दिवे विझवले. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, पण एकदा सरावले की चांदण्यात वाट दिसते. उत्तरेला सगळे पुणे लखलखत होते. दक्षिणेला सातारा रस्त्यावर ट्रकांची माळ आणि पलीकडे खेड-शिवापूर. झाडीत शिरलो की दिवे मध्यम उजेडावर. नकाशा पाहायचा तर लाल दिवा, त्याने सरावलेली नजर मोडत नाही. बोलताना झोत खाली वळवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत मारायचा नाही.

चौथ्या टेकडीचा तोच उतार आला. मागच्या वेळी मागचा माणूस उजेड दाखवत होता, आणि पुढच्याची सावली नेमकी त्याच्याच पावलावर पडत होती. आता प्रत्येकाचा उजेड त्याच्या पायापुढे होता. लेकीने बॅटरी कपाळावरून काढून कमरेजवळ धरली. खालून आडवा उजेड पडला की दगडांच्या सावल्या उठून दिसतात आणि खड्डा-उंचवटा कळतो. हे तिला कोणी शिकवले नव्हते. ती सावकाश खाली उतरली, वळली आणि अम्मीसाठी वाटेवर उजेड धरून उभी राहिली.

पहाटे घाटरस्ता लागला. सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. बाटलीच्या पाण्याने वजू करून रस्त्याकडेच्या सपाट जागेवर आम्ही फजर पढलो. मग जीपने गडावर जाऊन पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाल्ले. घरी आल्यावर मुलाने पाचही बॅटऱ्या लावून पाहिल्या. सगळ्यांत उजेड शिल्लक होता.