वॉशिंग मशीन, बेअरिंग आणि अण्णा

घर्रर्र... घर्रर्र... धडाड!

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या घरात रोज सकाळी साडेआठला विमान उडायचं. म्हणजे आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागायचं. आधी बाल्कनीचं दार लोटून घेतलं, मग वेळ बदलून पाहिली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "काय गं, दळण घरीच काढतेस की काय?" तेव्हा मात्र कंपनीला फोन केला.

२०१५ साली २७,००० रुपयांना घेतलेलं मशीन. पुढून दार असलेलं. नऊ वर्षांत तक्रार म्हणाल तर एकदा लेकाच्या खिशातलं नाणं पंपात जाऊन बसलं होतं, तेवढीच. कंपनीचा मुलगा आला. त्याने दार उघडून ड्रम हाताने फिरवला, मग खालून वर उचलून पाहिला. ड्रम ढकढक हलला.

"मॅडम, बेअरिंग गेलं."

"मग बदला की."

"सुटं बेअरिंग मिळत नाही. अख्खा टब बदलायला लागेल. साडेबारा हजार, वर टॅक्स आणि लेबर. त्यापेक्षा नवीनच घ्या, एक्सचेंज ऑफर चालू आहे."

इतका वेळ पेपरात डोकं घालून बसलेले अण्णा म्हणाले, "नंबर काय?"

"कसला नंबर आजोबा?"

"बेअरिंगचा."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. तीन-चार वर्षांत अण्णांनी घरातल्या कुठल्याही वस्तूबद्दल काही विचारलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पिंपरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होते. घरातला पंखा, इस्त्री, मिक्सर, शेजाऱ्यांचे नळ, सगळं तेच बघायचे. मग हात थरथरायला लागले. एकदा मिक्सर उघडून बसले आणि शॉक बसला. जोरात नव्हता, पण आम्ही घाबरलो. नवऱ्याने त्यांची हत्यारांची पेटी उचलून माळ्यावर टाकली. "आता तुम्ही आराम करा," असं म्हणालो आम्ही. ते काही बोलले नाहीत. करायला लागले आराम.

असो. तर नंबराची गोष्ट.

मशीनमध्ये दोन भांडी असतात. आत कपड्यांचा भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम, आणि त्याच्या बाहेर पाणी धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा टब. ड्रमचा दांडा टबाच्या पाठीतून बाहेर येतो आणि तिथे दोन बेअरिंगवर फिरतो. बेअरिंगच्या पुढे एक रबरी सील असतं. ते झिजलं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्या गंजतात आणि घरात विमान उडायला लागतं. म्हणजे खरा गुन्हेगार काही रुपयांचं रबर!

पूर्वी टबाचे दोन अर्धे भाग स्क्रूने जोडलेले असायचे. स्क्रू काढा, बेअरिंग ठोकून काढा, नवीन बसवा. आता बऱ्याच मशीनमध्ये हे दोन भाग गरम करून एकमेकांना कायमचे चिकटवलेले असतात. कंपनीच्या बाजूने बोलायचं तर जोडणी पटकन होते, स्वस्त पडते, गळतीचं भय कमी. पण उघडायची सोय गेली. आणि सोय गेली म्हणजे काहीशे रुपयांचं काम साडेबारा हजारांचं झालं.

हे सगळं मला कळलं ते आमच्या गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या काकांकडून. अण्णांनीच मला पाठवलं त्यांच्याकडे. काका म्हणाले, "होतं की. करवतीने टब कापायचा." मला वाटलं गंमत करतायत. पण नाही. जोडाच्या रेषेवरून हॅक्सॉने टब गोल कापतात, बेअरिंग आणि सील बदलतात, मग कडेने भोकं पाडून नटबोल्ट लावतात, सिलिकॉन भरतात, आणि एक दिवस सुकू देतात. ४,२०० रुपये सगळे मिळून. "गॅरंटी?" "पाणी गळलं तर परत येईन. बाकी देवाची."

नवरा म्हणाला, "वेडेपणा आहे. नऊ वर्षं जुनं मशीन. आज बेअरिंग, उद्या आणखी काही." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण अण्णा संध्याकाळी म्हणाले, "पेटी काढून दे जरा." आणि मग विषयच संपला.

काका रविवारी आले. मशीन बाल्कनीत उघडलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यात चक्क काँक्रीटचे ठोकळे असतात! पिळताना मशीन नाचू नये म्हणून वजन. कापायचं काम काकांनी केलं. अण्णा स्टुलावर बसून टब धरून होते, आणि हात थरथरत असले तरी टब हलला नाही. जुनी बेअरिंग निघाली तेव्हा अण्णांनी ती पायजम्याला पुसली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "६२०५ आणि ६२०६." मग लेकाला जवळ बोलावून शिकवलं. शेवटचे दोन आकडे घ्यायचे, पाचने गुणायचे, की बेअरिंगचं भोक किती मिलिमीटरचं ते कळतं. पाचपाचे पंचवीस, सहापाचे तीस. लेक पुढचे चार दिवस सगळ्यांना हेच सांगत सुटला होता.

टब उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ड्रमला मागून धरणारी तीन हातांची धातूची पट्टी पांढरट होऊन खरवडल्यासारखी झाली होती. काका म्हणाले, "ताई, पावडर किती टाकता?" मी मान खाली घातली. बोअरिंगचं जड पाणी आणि हात सैल सोडून टाकलेली पावडर. म्हणजे माझाही हातभार होताच.

मंगळवारी मशीन लावलं. आवाज नाही. खालच्या आजी परत आल्या, "गिरणी बंद केलीस वाटतं?"

गोष्ट इथे संपवली असती तर मजा आली असती. पण खरं सांगायला हवं. २०२५ च्या जुलैमध्ये, भर पावसात, मशीन बंद पडलं. यावेळी बोर्ड. काकांनी काढून दाखवला. अख्ख्या बोर्डावर पारदर्शक राळेसारखा थर ओतलेला. ओलाव्यापासून जपायला तो चांगला, पण आतला एखादा रिले जळला तर तेवढाच काढून टाका लावता येत नाही. नवीन बोर्ड ८,५०० रुपयांना. काका स्वतःच म्हणाले, "आता नका घालू पैसे." मशीन ते घेऊन गेले. मोटर, पंप, दाराचं रबर कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणाले.

मग मी हिशोब केला. नऊ वर्षं म्हणजे १०८ महिने, २७,००० रुपये. महिना २५० पडले. दुरुस्तीनंतर १४ महिने, ४,२०० रुपये, महिना ३००. म्हणजे दुरुस्ती महिना ५० रुपयांनी महाग पडली. नवऱ्याने हे ऐकून काही म्हटलं नाही, फक्त भुवया उडवल्या. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे हिशोब." आणि परत पेपर वाचायला लागले.

माझ्यापुरता नियम मी आता असा केलाय. पंप, पट्टा, कार्बन ब्रश, पाण्याचा व्हॉल्व्ह, दाराचं रबर, यातलं काही गेलं तर मशीन कितीही जुनं असो, दुरुस्त करायचं. टब किंवा बोर्ड गेला आणि मशीन आठ-दहा वर्षांचं असेल तर आधी बाहेरच्या माणसाला विचारायचं, मग ठरवायचं. आणि खर्च नव्याच्या निम्म्याकडे जायला लागला की थांबायचं.

पण हा हिशोब आपण का करत बसायचा, हा प्रश्न राहतोच. युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे, मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं मशीनचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून दुकानातल्या मशीनवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण लिहावे लागायचे. २०२५ मध्ये त्याजागी टिकाऊपणाचे गुण आले. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण त्या युरोपातल्या नियमातही पूर्ण टब एकच सुटा भाग म्हणून विकला, तर बेअरिंगचं काय?

नवीन मशीन आणायला अण्णांनाही नेलं. विक्रेत्याने वाफ, वायफाय, एआय सगळं सांगितलं. मोटरला दहा वर्षं वॉरंटी! अण्णा म्हणाले, "मोटर गेलीच नव्हती आमची." पोराला काय बोलावं कळेना.

मशीन बसवायला माणूस आला तेव्हा अण्णांनी ड्रम हाताने फिरवला, कान लावला. मग विचारलं, "टब उघडतो का?"

"नाही आजोबा. सील पॅक आहे."

"बरं," अण्णा म्हणाले. "करवत आहे आपल्याकडे."

पेटी परत माळ्यावर गेलेली नाही. सोफ्याखाली असते. केर काढताना मध्ये येते, पण राहू दे.