लाल अंबाडीची मशागत

जास्वंदीच्या कुळातील ज्या वनस्पतींना आमच्या उद्यानांत मानाचे स्थान लाभले, त्या बहुधा वर्षानुवर्षे टिकणाऱ्या. मृगाच्या पावसात जन्मून हिवाळ्यात संपणाऱ्या लाल अंबाडीला मात्र, कण्या घातलेल्या, लसणाच्या फोडणीच्या भाजीसाठी तिची पाने खुडणाऱ्यांनीदेखील, फुलझाडाचा दर्जा दिला नाही, ही गोष्ट मला नेहमी सलते.

तिला सोटमूळ असते. म्हणून रोप उपटून लावण्यापेक्षा, रात्रभर भिजवलेले बी जागच्या जागी टोकणे श्रेयस्कर. वाफ्यात तीन हात अंतर जास्त वाटले तरी द्यावे, कारण झाड पुरुषभर उंच होते, आणि वीतभर असताना शेंडा खुडला तर तितकेच रुंदही पसरते. शेणखत बेतानेच घालावे. नत्राचा अतिरेक झाला की पाने माजतात आणि बोंडे रोडावतात.

परंतु खतपाण्याचा कितीही बंदोबस्त केला तरी या झाडावर खरा अंमल चालतो तो दिवसमानाचा. दिवस आखूड होऊ लागल्याखेरीज ते कळी धरीत नाही. आणि एकदा तो इशारा मिळाला की झाड कमरेइतके असो वा डोक्याइतके, फुलण्यास लागते. कुंडीत लावणाऱ्याने याच स्वभावाचा लाभ घ्यावा: पेरणी जूनऐवजी ऑगस्टमध्ये करावी, म्हणजे झाड आटोपशीर राहून पंधरा-अठरा इंची कुंडीतही सुखाने फुलते. रस्त्यावरचा दिवा जर रात्रभर त्याच्यावर पडत असेल, तर रात्र पुरेशी काळोखी न राहिल्याने फुलणे लांबते. अशा वेळी कुंडी काळोख्या कोपऱ्यात हलविता येते, ही सोय वाफ्यातील झाडाला नाही. एरवी माझा कौल जमिनीच्याच बाजूने आहे.

फिकट पिवळ्या पाकळ्या आणि गाभ्याशी गर्द किरमिजी रंग असे ते फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. पुष्कळांचे औत्सुक्य तेथेच सरते. वस्तुतः झाडाचे वैभव त्यानंतर सुरू होते. फुलाखालचे निदल मांसल, रसरशीत आणि माणकासारखे तांबडे होत जाते, आणि त्याच्या पोटात बियांचे बोंड पोसते. सरबत किंवा चटणी करावयाची ती याच आंबट निदलांची. ती दोन-तीन आठवड्यांत, कोवळी असतानाच तोडावीत, बोंड लाकडासारखे टणक होण्याची वाट पाहू नये. पुढील सालच्या बियाण्यासाठी चार बोंडे मात्र झाडावरच वाळू द्यावीत, आणि त्यातले मूठभर बी शेजाऱ्यालाही आवर्जून द्यावे.