चिंतेच्या उपसागरापासून

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा नकाशा समोर धरला म्हणजे आयर नावाचे त्रिकोणी द्वीपकल्प महासागरात उतरलेले दिसते. त्याच्या दक्षिण टोकाशी, स्पेन्सरच्या आखाताच्या मुखापाशी, पोर्ट लिंकन हे गाव वसले आहे. अ‍ॅडलेडहून विमानाने तासाभराच्या आतच तेथे पोहोचता येते. परंतु आम्ही मुद्दाम मोटारीचा रस्ता धरला. आखाताला संपूर्ण वळसा घालून जाणारा हा मार्ग सुमारे 650 किलोमीटरांचा आहे. एका बाजूस गव्हाची अफाट शेते, दुसऱ्या बाजूस अधूनमधून डोकावणारे निळे पाणी, आणि वाटेत भेटणारी माणसे मोजकीच.

या किनाऱ्यावरील बहुतेक नावे मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीने 1802 साली ठेवली. आपल्या लिंकनशायर या जन्मप्रांताच्या आठवणीने त्याने या बंदराला लिंकन म्हटले. जवळच्याच एका भूशिरापाशी त्याचे आठ खलाशी होडीसह बुडाले, म्हणून त्या जागेस ‘आपत्तीचे भूशिर’ असे नाव पडले. द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगास ‘अँक्शस बे’, म्हणजे चिंतेचा उपसागर, आहे. पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी हे नाव किती सार्थ ठरले, तेच आज वाचकांना सांगावयाचे आहे.

पोर्ट लिंकनचा धक्का प्रथम पाहताना आम्हांस आपल्या मालिमच्या बंदराची आठवण झाली. तीच जाळ्यांची रास, तोच बर्फाचा कडकडाट, तेच आशाळभूत पक्षी. मात्र गलका नाही. येथील वैभव टूना माशावर, आपल्याकडे ज्याला कुपा म्हणतात त्याच्या एका भल्यामोठ्या भाऊबंदावर, उभे आहे. खुल्या समुद्रात जिवंत पकडलेले टूनाचे थवे तरंगत्या जाळ्यांच्या पिंजऱ्यांत घालून हळूहळू ओढत येथवर आणतात, काही महिने खाऊ घालून पुष्ट करतात आणि मुख्यतः जपानला पाठवितात. हा उद्योग 1990 नंतर भरभराटीस आला. त्या टूनांचे खाणे म्हणजे लहान मासा, सार्डीन. येथले लोक त्याला पिल्चर्डही म्हणतात. आपल्या तारलीची ही चुलतबहीणच. तशीच चंदेरी, तशीच तेलकट, तशीच लाखोंच्या थव्यांनी फिरणारी, आणि तशीच इतर सर्वांच्या तोंडी पडणारी.

1995 च्या मार्च महिन्यात चिंतेच्या उपसागराजवळ ही सार्डीन मरून तरंगू लागली. निरोगी दिसणारे मासे पृष्ठभागाशी येत, तोंड वासून धापा टाकीत आणि काही मिनिटांतच उलटे होत. मरणारे सारे मोठे, वयात आलेले मासे होते. पिल्ले वाचत होती. दुसऱ्या कोणत्याही जातीचा मासा मरत नव्हता. मग ती लाट दोन्ही दिशांनी सरकू लागली. पूर्वेकडे आणि पश्चिमेकडेही, दिवसाला सुमारे 30 किलोमीटर या वेगाने, वाटेत समुद्राचा प्रवाह उलटा असला तरी. सप्टेंबरपर्यंत ऑस्ट्रेलियाचा सुमारे 5,000 किलोमीटर किनारा तिने व्यापला आणि ती न्यूझीलंडलाही जाऊन पोहोचली. वाळूवर चांदी सांडावी तसे माशांचे थर पसरले, आणि त्या चांदीला दुर्गंधी सुटली.

पाण्यात विष मिसळले असेल, शेवाळाचा उपद्रव असेल, प्राणवायू कमी पडला असेल, असे तर्क प्रथम झाले. परंतु विष किंवा गुदमरणारे पाणी माशांची जात आणि वय पाहून मारीत नाही. शास्त्रज्ञांनी कल्ले तपासले तेव्हा उलगडा झाला. कल्ल्यांवरील नाजूक आवरण सुजून जाड झाले होते. पाण्यात प्राणवायू मुबलक असूनही तो रक्तात शिरू शकत नव्हता. मासा भरल्या समुद्रात गुदमरत होता. त्या पेशींत एक विषाणू सापडला. तो हर्पेस कुळातला होता आणि पूर्वी कोणी पाहिलेला नव्हता. हे सारे दुखणे चारेक दिवसांत उरकत असे.

1998 च्या ऑक्टोबरात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्याच समुद्रात तेच संकट पुन्हा उद्भवले आणि 1999 मध्ये ते दूरवर पसरले. या प्रांतातील अंडी घालण्याजोग्या माशांपैकी सुमारे 70 टक्के त्या खेपेस नष्ट झाल्याचा अंदाज आहे. एकाच जातीचे इतके मासे एकाच रोगाने मेल्याची उदाहरणे जगात विरळाच.

समुद्रात मात्र कोणाचेच मरण एकट्याचे नसते. 1995 च्या मरीनंतर व्हिक्टोरियातील फिलिप बेटावरचे छोटे पेंग्विन अधिक संख्येने दगावले आणि पुढच्या हंगामात त्यांची वीण घटली. 1998 नंतर पोर्ट फिलिप उपसागरातील गॅनेट पक्ष्यांना आपला आहारच बदलावा लागला. तुरेवाल्या सुरय पक्ष्यांची त्या दुष्काळात वाढलेली पिढी तर अंगाने लहान राहिली. माणसांच्या घरातही दुष्काळात जन्मलेल्या मुलाच्या हाडापेरावर त्या वर्षाची खूण राहते, तद्वतच हे.

हा विषाणू आला कोठून? येथे गाव आजही जपून बोलते. टूनांना खाऊ घालण्यासाठी त्या काळी परदेशांतून हजारो टन गोठविलेली सार्डीन आणली जात असे. थंडीने विषाणू मरतोच असे नाही. दोन्ही वेळा रोगाचा उगम याच प्रांताच्या समुद्रात, पिंजऱ्यांच्या आसपासच्या टापूत, झाला; म्हणून संशयाचे बोट आयात खाद्याकडे वळले. परंतु ते सिद्ध झाले नाही. धक्क्यावर भेटलेल्या एका वृद्ध कोळ्याला आम्ही हाच प्रश्न विचारला. जाळे दुरुस्त करता करता ते म्हणाले, “समुद्राला दार नसते हो. कोण आत आले, हे विचारायचे तरी कोणाला?” आम्हांला त्या उत्तरात टाळाटाळ दिसली नाही, ज्याचा संसार त्याच पाण्यावर चालतो त्याचा थकवा दिसला.

सुदैवाने ही गोष्ट विनाशापाशी संपत नाही. सार्डीन लवकर वयात येते आणि अंडीही अमाप घालते. सरकारने पकडीवर कडक मर्यादा घातली. दरवर्षी समुद्रातून अंडी गोळा करून, ती मोजून, त्यावरून माशांचा अंदाज बांधावयाचा आणि मगच किती पकडावे ते ठरवावयाचे, अशी शिस्त बसली. वाचलेल्या पिल्लांनी वंश सावरला. आज हीच मासेमारी वजनाच्या हिशेबाने ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठी मानली जाते. अलीकडच्या वर्षांत तिची पकड 40,000 टनांच्या घरात गेली आहे. विषाणू मात्र गेलेला नाही. तो निरोगी माशांतही आढळतो. दोघांनी एकमेकांशी जणू समझोता केला आहे, एवढेच.

आपल्या किनाऱ्यावर तारली कधी ढिगांनी येते, कधी वर्षानुवर्षे रुसते. त्याची कारणे वाऱ्यापावसात, पाण्याच्या उष्णतेत आणि माणसाच्या हव्यासात आहेत. रोगाशी त्यांचा संबंध जोडणे चुकीचे ठरेल. परंतु मत्स्यशेतीसाठी बीज आणि खाद्य देशोदेशींहून फिरू लागले आहे, हे आपल्यालाही लागू आहे. तिलापिया माशाचा इस्रायलमध्ये प्रथम ओळखला गेलेला विषाणू 2018 पर्यंत भारतातील मत्स्यशेतांत नोंदला गेला होता. तळ्याला बांध घालता येतो, आजारी मासे काढता येतात. खुल्या समुद्रात लस टोचता येत नाही, विलगीकरण करता येत नाही आणि पसरलेले परत गोळाही करता येत नाही. तेथे एकच उपाय हाती उरतो, आणि तो समुद्राच्या अलीकडचा आहे: बंदरात उतरणारी प्रत्येक पेटी डोळ्यांत तेल घालून तपासणे.