बैठकीतले काळवीट

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराच्या बैठकीत काळविटाचे एक डोके टांगलेले आहे. दादाजानची ही शिकार निजामी अमलातली, म्हणजे १९४८ पूर्वीची. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर अब्बांनी त्याची रीतसर नोंद केली आणि मालकीचा दाखला घराच्या कागदांत जपून ठेवला.

बहिणीच्या शादीसाठी घराला रंग दिला, तेव्हा आम्हा भावंडांना शिंगे मळकट वाटली. कपाटासाठी आणलेले लाखेचे पॉलिश आम्हीच त्यांवर दोन हात चढवले. शिंगे लखलखली. फुफी आल्या, चष्मा सावरून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, ये तो प्लास्टिक के दिखरे!" अब्बा काहीच बोलले नाहीत. त्याचेच आम्हाला जास्त लागले.

दुसऱ्याच आठवड्यात रस्त्यालगतच्या तुरीत काळविटांचा कळप दिसला. गाडी थांबवून आम्ही नराची शिंगे नीट पाहिली. पिळाच्या खाचांत माती, कडांना राखाडी छटा. चमक कुठेच नव्हती.

शिंग आपल्या नखांसारखेच, केराटिनचे. काळविटाचे शिंग सांबरासारखे गळत नाही. आतल्या हाडावर ते जन्मभर वाढते. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून आम्ही कापसाने एकेक वळे पुसत गेलो. तोंडावरच्या केसांना स्पिरिट लागू नये म्हणून कापड गुंडाळले. पूर्वी कातडे टिकवायला सोमल लावत, म्हणून हातमोजे आणि नाकाला मास्क. दोन दिवस लागले. पॉलिश निघाले तेव्हा उजव्या टोकाजवळ एक जुना टवका दिसला. फुफी म्हणाल्या, "दुसऱ्या नराशी झुंजला असेल." तो टवकाही आम्ही भरला नाही.

आता शिंगांना तेल नाही, पॉलिश नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडतो, ऊन लागू देत नाही आणि कसर लागली नाही ना, ते पाहतो. ती लोकरीसारखे शिंगही खाते.

अब्बांच्या इंतकालानंतर ९० दिवसांत वारसाची माहिती वनखात्याला दिली. हे डोके विकता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मोबदल्याशिवाय सरकारजमा मात्र करता येते. त्यावर घरात बराच वाद झाला. तूर्त ठेवायचे ठरले.

पाहुणे विचारतात, "किसने मारा?" पूर्वी आम्ही छाती काढून दादाजानचे नाव सांगत होतो. आजही सांगतो, पण आधी त्यांना तो टवका दाखवतो.