बाबांची वही आणि माझी लवचिक वेळ

मागच्या वर्षी श्रावणात बाबांचा रक्तदाब तपासून घेण्यासाठी आम्ही चिपळूणला गेलो होतो. अलोऱ्याहून चिपळूण वीसेक किलोमीटर. वाटेत पाऊस लागला म्हणून जरा उशीर झाला, आणि त्या उशिराने मी वाटभर अस्वस्थ होते, कारण साडेअकराला माझी एक बैठक होती. दवाखान्याच्या बाकावर बसूनही मी फोनवर उत्तरे लिहीतच होते. बाबांची तपासणी झाली. त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडता सोडता डॉक्टर सहज म्हणाले, "ताई, आलाच आहात तर तुमचाही पाहू या."

बाबांचा रक्तदाब 134/82 होता. माझा 152/98 निघाला. डॉक्टरांनी फोन बाजूला ठेवायला लावला, पाच मिनिटे स्वस्थ बसवले आणि पुन्हा मोजला. 150/96. बाबांचे वय 69, माझे 38.

मग नेहमीचे प्रश्न आले. जेवणात मीठ किती, झोप किती, घराण्यात कुणाला त्रास आहे का. आणि शेवटी, "रोज किती तास काम करता?"

मी म्हणाले, "तसं ठरलेलं काही नाही. घरूनच करते. वेळ लवचिक आहे."

"लवचिक म्हणजे किती?"

वाचकहो, या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. पुण्यातल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात मी काम करते. दिवसभर इतरांच्या आकड्यांचा ताळा जमवणे हाच माझा व्यवसाय. आणि स्वतःच्या दिवसाचे तास मला सांगता येईनात. शेजारी बसलेले बाबा हलकेच म्हणाले, "मला विचारलं असतंत तर मी सत्याऐंशी सालचेही सांगितले असते." ते विनोद करत आहेत असे डॉक्टरांना वाटले असावे. तो विनोद नव्हता.

बाबा कोयना प्रकल्पाच्या वीजगृहात पाळीवर काम करत. आमचे बालपण इथल्या प्रकल्प वसाहतीत गेले. वसाहतीतली बरीच घरे आता ओस पडली आहेत, भिंतींवर पिंपळ उगवले आहेत. पण त्या काळी तिथे चोवीस तास जाग असे. आठ तासांच्या तीन पाळ्या. कुणाचे वडील झोपायला निघालेले, तर कुणाचे डबा घेऊन बसची वाट पाहत उभे. बाबांचा आठवडा कसा असेल हे आम्हां भावंडांना पाठ होते. पाळी संपल्यावर दुसरा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत खुर्ची सोडता येत नसे, आणि एकदा चार्ज दिला की वीजगृहाचा आणि बाबांचा दुसऱ्या दिवसापर्यंत संबंध उरत नसे. रिलीव्हर आला नाही तर थांबावे लागे. गणपतीत तर हे हमखास होई. पण ते जास्तीचे तास बाबा एका निळ्या वहीत लिहीत. तारीख, पाळी, किती तास थांबलो, कुणाच्या जागी, आणि शेवटच्या रकान्यात मोबदला मिळाला की बदली सुट्टी. ती वही निवृत्तीनंतरही त्यांनी जपून ठेवली आहे.

या आठवणी सांगून मला जुना काळ गोड करायचा नाही. रात्रपाळीनंतर बाबा दिवसा झोपत तेव्हा आम्हाला घरात कुजबुजत बोलावे लागे, आणि ती झोप कधी पुरी होत नसे. दुसरे असे, की बाबांची पाळी वेळेवर संपत होती कारण आईची पाळी कधीच संपत नव्हती. तिला रिलीव्हर नव्हता आणि तिच्या तासांची वहीही कुणी ठेवली नाही. मी नोकरी करते याचा आईला जो आनंद आहे त्यामागे हे आहे, असे मला वाटते.

2020 च्या टाळेबंदीत आम्ही पुण्याहून इकडे आलो आणि राहिलोच. माझे काम घरून चालू लागले, यजमानांना लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली, मुलगी गावातल्या शाळेत जाऊ लागली. कंपनीने लवचिक वेळेची सवलत दिली तेव्हा मला स्वर्ग दोन बोटे उरला होता. मुलीला शाळेत सोडता येईल, दुपारी तिच्याबरोबर जेवता येईल, बाबांना दवाखान्यात नेता येईल. हे सारे झालेही, ते मी नाकारत नाही. फक्त त्या प्रत्येक तासाची परतफेड रात्री होऊ लागली, आणि परतफेड कधी पूर्ण झाली हे सांगणारे कुणी नव्हते. दुपारी दीड तास मुलीसाठी घेतला की मनाला अपराधी वाटे; त्या अपराधी भावनेपोटी रात्री तीन तास बसणे होई. परदेशातल्या ग्राहकांचे फोन त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या रात्री. "तुम्ही तर घरीच असता" हे वाक्य कार्यालयातले लोक म्हणत, आणि दुपारी दारात आलेले नातेवाईकही म्हणत. यजमान पाळी संपवून घरी येत आणि विचारत, "माझी ड्यूटी संपली. तुझी कधी संपणार?" मी हसून वेळ मारून नेई.

दवाखान्यातून परतताना बाबा गाडीत गप्प होते. कुंभार्ली घाटाकडचे डोंगर दिसू लागले तेव्हा ते एकदम कोयनेविषयी बोलू लागले. आधी मला वाटले विषय बदलत आहेत.

जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो. कोळशावरच्या संचाला तासन्‌तास लागतात. म्हणून राज्यात विजेची मागणी अचानक वाढली की कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून निरोप येणार आणि कोयनेचे संच चालू होणार. सकाळी लोक कामाला लागले की, संध्याकाळी दिवे लागले की. राज्यातली सगळ्यांत लवचिक वीज म्हणावी ती हीच, एकूण क्षमता 1960 मेगावॉट. "पण पाणी?" बाबा म्हणाले. "पाणी कितीही नाही हं सोडता येत."

हे मला ठाऊक होते, पण अशा नजरेने मी कधी पाहिले नव्हते. कोयना ही मुळात पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून वीज होते, मग ते वाशिष्ठीतून समुद्राला जाते. पश्चिमेकडे गेलेले पाणी कृष्णाखोऱ्यातल्या शेतीला मिळत नाही. म्हणून कृष्णा पाणी तंटा लवादाने विजेसाठी वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घालून दिली. 1 जूनपासून पुढच्या 31 मेपर्यंत हा हिशेब चालतो आणि रोज किती पाणी खर्ची पडले याची नोंद होते. केव्हा सोडायचे यात लवचिकता आहे. एकूण किती, यात नाही.

"तुझं उलटं झालंय," बाबा म्हणाले. "केव्हा ते सांगतेस, किती ते कुणाला ठाऊक नाही. तुलाही नाही."

डॉक्टरांनी एका दिवसाच्या आकड्यावरून गोळी दिली नव्हती. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहून आणा, असे सांगितले होते. आपणांपैकी ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी लक्षात ठेवावे: मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला टेकू असावा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, आणि मोजताना बोलू नये. मी पहिल्या दिवशी फोनवर बोलत बोलत मोजला होता! घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी 135/85 च्या वर राहिली तर तो वाढलेला समजतात. माझी त्याच्या बरीच वर होती.

रक्तदाबाच्या त्याच कागदावर, बाबांच्या पद्धतीने, मी कामाचे तास लिहू लागले. लॅपटॉप उघडल्याची वेळ, मिटल्याची वेळ. स्वयंपाक करताना कानात यंत्रणा घालून ऐकलेली बैठकही लिहायची, असे ठरवले. मुलगी झोपल्यावर अंथरुणात पडून दिलेली उत्तरेही. पहिल्या आठवड्याची बेरीज 61 तास झाली. त्यातले 14 तास रात्री नऊनंतरचे होते. दुसऱ्या आठवड्यात 58. मला वाटले होते 45 असतील.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून केलेला एक अभ्यास मे 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताची जोखीम सुमारे 35 टक्क्यांनी, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याची जोखीम 17 टक्क्यांनी अधिक आढळली. एकट्या 2016 सालात अशा दीर्घ तासांशी जोडले गेलेले मृत्यू जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार होते. हे आकडे वाचून मी घाबरले. मग बाबांच्या वहीतली वर्षे चाळून पाहिली. गणपतीचे आठवडे सोडले तर त्यांचा एकही आठवडा 55 च्या वर गेला नव्हता.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आहे. मात्र व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांवरची माणसे त्यातून वगळली आहेत. त्याच वर्षी मातृत्व लाभाच्या केंद्रीय कायद्यात 26 आठवड्यांची रजा आली, आणि त्यानंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची सोयही. ते घरचे काम रात्री किती वाजता थांबावे, हे कुठे लिहिलेले नाही. फ्रान्सने 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क मान्य केला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या अखेरीस लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 च्या जूनमध्ये. त्यासाठी काही वर्षे अर्ज-विनंत्या आणि सभा चालल्या होत्या, हे अशा वेळी आठवते.

मी सभा वगैरे काही घेतली नाही. दोन आठवड्यांचा तो कागद माझ्या वरिष्ठांपुढे ठेवला, इतकेच. तक्रार म्हणून नव्हे, ताळेबंद म्हणून. त्यांना खरोखर आश्चर्य वाटले. स्वतः दोन मुलांचे वडील असलेला तो गृहस्थ रात्री बाराला मला उत्तर लिहीत होता, कारण मी साडेअकराला त्याला लिहीत होते. आम्ही दोघे एकमेकांना जागे ठेवत होतो. ठरले ते असे: सकाळी दहा ते दुपारी चार मी हमखास उपलब्ध, चार ते सात नाही, रात्रीचे फोन आठवड्यातून दोनच, आणि त्यांचे तास त्याच आठवड्यात परत. एकूण 48 च्या वर गेले तर दोघांनी बसून बोलायचे.

याची किंमत पडली. एका मोठ्या ग्राहकाचे काम, ज्यात पुढची बढती होती, ते दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेले. सहकारी अविवाहित आहे, हुशार आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण वाईट वाटले, आणि अजूनही कधीकधी वाटते. आपल्यापुढे हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय माझी नोकरी जुनी, वरिष्ठ ऐकून घेणारे. ज्यांची नोकरी कंत्राटावर आहे किंवा घराचा हप्ता एकट्याच्या पगारावर आहे, त्यांनीही असाच कागद पुढे ठेवावा, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कागद लिहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. निदान डॉक्टरांना तरी खरे उत्तर देता येते.

रक्तदाबाचे म्हणाल, तर मला सकाळी एक छोटी गोळी घ्यावी लागते. तास कमी झाल्याने सगळे पूर्ववत झाले असे नाही. आजोळकडूनही हा वारसा आहेच. मीठ कमी केले, लोणचे-पापडांशी नाते जरा दूरचे केले, संध्याकाळी चार ते सातमध्ये मुलीबरोबर वसाहतीच्या रस्त्याने चालून येते. सध्याची सरासरी 128/82 आहे.

मार्चअखेरीला मात्र बांध फुटला. हिशेब विभागाचा मार्च म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्या महिन्यात रात्रीचे फोन दोनाचे चार झाले आणि एका आठवड्याची बेरीज 57 वर गेली. वही आता भिंतीवरच्या खिळ्याला दोरीने अडकवलेली असते. मुलीला दुसरीत गेल्यापासून बेरजा येऊ लागल्या आहेत, तेव्हा बेरीज तीच करते. हातचा विसरली की आजोबा खाकरतात. तिने 57 मधून 48 वजा केले आणि विचारले, "आई, हे नऊ तास तुला कधी मिळणार?"

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी दुपारनंतर मी सुट्टी घेतली. आम्ही तिघी, आई, मी आणि ती, चिपळूणला जाऊन आलो. त्यात चार तास वळते झाले. दुसऱ्या शुक्रवारी निघायच्या वेळीच ग्राहकाचा फोन आला आणि राहिले. पाच तास अजून येणे आहेत. तिने ते पेन्सिलीने वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवले आहेत.