फळलेल्या वडाखाली

थंडीत धुके विरू लागले की गावाबाहेरचा फळलेला वड आधी ऐकू येतो, मग दिसतो. साळुंक्यांची भांडणे, बुलबुलांची बडबड, हरियालांच्या पंखांची फडफड आणि पाचोळ्यावर टपटपणारी लाल फळे. अशा झाडाखाली कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्याला पक्ष्यांमागे धावावे लागत नाही. झाड गाठले की पाहुणे आपसूक येतात.

पण कोणता वड कधी पिकेल, हे पंचांग सांगत नाही. वडाचे फळ म्हणजे आत मिटलेला फुलोरा. त्याचे परागीभवन करणारा इवलासा कीटक वडाशीच बांधलेला असतो. त्याच्या मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे, आणि तेवढ्यात तिला कोवळी फळे धरलेले दुसरे झाड सापडायला हवे. सगळे वड एकदम फळले तर तिचा वंशच बुडेल. म्हणून एक वड पौषात लाल होतो, तर पलीकडच्या गावातला चैत्रात. ऐन थंडीतही कुठे ना कुठे पंगत मांडलेली असते.

या पंगतीत पहिला मान हरियालाचा. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबूतर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. पानांत शिरला की थवाच्या थवा नाहीसा होतो. एखादे फळ खाली पडले तरच त्याचा पत्ता लागतो. त्याला टिपायचे तर सकाळी, निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसलेला असताना. वडाच्या दृष्टीने मात्र हा पाहुणा फुकट्याच. फळातल्या बारीक बिया त्याच्या पेषणीत दळून निघतात. बिया दूर नेऊन पेरण्याचे काम बुलबुल, तांबट आणि धनेश करतात.

तांबट उन्हाळ्यात टुक टुक करून गाव डोक्यावर घेतो. थंडीत तो बहुधा गप्प असतो, त्यामुळे कानांनी नव्हे, डोळ्यांनीच शोधावा लागतो. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या याच्या अगदी उलट. मध्य आशियाकडून आलेल्या या पाहुण्या झाडावर उतरल्या की शेजाऱ्याचेही बोलणे ऐकू येत नाही.

कॅमेऱ्याची खरी परीक्षा घेतो तो राखी धनेश. जीभ आखूड असल्याने तो चोचीच्या टोकाने फळ तोडतो, हवेत उडवतो आणि घशात झेलतो. हा क्षण गोठवायला शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून अधिक लागतो. मागे उजळ आकाश असेल तर पक्षी काळाठिक्कर येतो. तेव्हा एक्स्पोजर थोडे वाढवावे, नाहीतर ऊन पाठीशी येईल अशी जागा धरावी.

वड नसला तर आंब्यावरचे बांडगूळ पाहावे. त्याला फळे धरली की चिक चिक करत टिकेलचा फुलटोच्या हजर होतो. जेमतेम आठ सेंटिमीटरचा हा पक्षी फळ गिळतो; चिकट बी थोड्याच वेळात बाहेर पडते, तो ते फांदीला पुसतो आणि तिथेच नवे बांडगूळ रुजते. बागाईतदार वैतागतो, पण निसर्गाचा हा व्यवहार चोख आहे. सालिम अली यांनी कोकणात तो बारकाईने पाहिला आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यावर लेख लिहिला.

त्या अभ्यासाचा गाभा एवढाच होता : कोणता पक्षी, कोणते फळ, आणि पुढे काय होते. आज हजारो कॅमेरे रोज पक्षी टिपतात, पण बहुतेक फोटोंत पार्श्वभूमी धूसर करण्याच्या नादात झाडच पुसले जाते. चोचीत फळ धरलेल्या पक्ष्याचा फोटो ही एक नोंद असते, मग तो थोडा कमी देखणा असला तरी चालेल. तेव्हा या थंडीत फळही चौकटीत येऊ द्या, आणि फोटोखाली पक्ष्याच्या नावाशेजारी झाडाचे नाव, गाव आणि तारीख लिहा.