मंडळाच्या दोन वह्या

व्यापारी घरातील मुलगा एखाद्या संध्याकाळी सांगतो, "आम्ही चौघे मित्र मिळून बँड काढतो आहोत. स्वतःची गाणी करणार." घरातून पहिला प्रश्न येतो, "त्यात मिळणार काय?" प्रश्न व्यवहाराचा आहे आणि तो विचारण्यात गैर काही नाही. परंतु त्याच्याही आधी विचारायला हवा असा एक प्रश्न बहुधा राहून जातो. चौघांमध्ये ठरले आहे काय? गाणे कोण रचणार, त्यावर नाव कोणाचे लागणार, आलेला पैसा कसा वाटायचा आणि उद्या एकजण सोडून गेला तर वाद्ये कोणाची? या प्रश्नांची उत्तरे शोधायला परदेशी बँडांची चरित्रे वाचण्याची गरज नाही. कोकणातील गावांनी ती फार पूर्वीपासून शोधून ठेवली आहेत.

बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातील, आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. दिवेआगरच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता येथून पुढे जातो. भाद्रपद लागला की मुंबईहून चाकरमानी परततात आणि या पट्ट्यातील घरे माणसांनी भरून जातात. चतुर्थीला घरोघरी गणपती बसतात. त्याच सुमारास श्वेतांबर मूर्तिपूजक घरांत संवत्सरी असते आणि पाठोपाठ पंचमीपासून दिगंबर घरांत दशलक्षण पर्व सुरू होते. कोकणपट्टीच्या गावांत या दिवसांत एका घरी प्रतिक्रमण चालते, तर पलीकडच्या अंगणात ढोलकीवर थाप पडते. ती थाप जाखडी नाचाची.

जाखडीलाच मुंबईकर बाल्या नाच म्हणतात. मध्यभागी शाहीर, ढोलकीवाला आणि झांज वाजवणारे बसतात. त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. पुष्कळदा शक्ती आणि तुरा अशी दोन मंडळे समोरासमोर येतात. शक्तीवाले आदिशक्तीचा मोठेपणा गातात, तुरेवाले शिवाचा. गण आणि गौळण झाली की सवाल-जवाब सुरू होतात आणि रात्र चढत जाते. शहरात ज्याला बँड म्हणतात त्याची सर्व अंगे येथे आहेत. गीतकार आहे, गायक आहे, वादक आहेत, साथ धरणारे आहेत, वेशभूषा आहे आणि समोर परखड श्रोते आहेत.

असे मंडळ उभे राहते ते माणसांच्या निवडीवर. गावातील सर्वांत गोड गळ्याचा माणूस मंडळात असेलच असे नाही. जो तालमीला वेळेवर येतो, त्याच्यावर मंडळ चालते. निम्मे सभासद मुंबईला, निम्मे गावाकडे, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या आहे. गिरण्यांच्या काळात गावाच्या नावाने घेतलेल्या खोल्यांत रविवारच्या तालमी होत. आज कोणी वसई-विरारला राहतो, कोणी कळंबोलीला. पाळ्या वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या. ढोलकीवाल्याला रजा मिळाली नाही तर सारा फेर अडतो. त्यामुळे प्रत्येक जागेला एक पर्यायी माणूस तयार ठेवणे, ही मंडळाची पहिली शिस्त. दुकानात गल्ल्यावर बसू शकणारा दुसरा माणूस असावा लागतो, तसेच हे आहे.

नवशिक्यांना सर्वांत मोठी अडचण वाद्यांची वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत लहान असते. किनाऱ्यावरच्या लग्नांत, विशेषतः हळदीच्या रात्री, जी बेंजो पार्टी वाजते तिच्यातील बेंजोचे मूळ पाहावे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवलेले एक तंतुवाद्य तयार केले. घरगुती करमणुकीचे ते साधे वाद्य हिंदुस्थानात बुलबुल तरंग झाले आणि मुंबईच्या गल्ल्यांत व कोळीवाड्यांत त्याला वीजजोडणी मिळून त्याचा बेंजो झाला. महागड्या गिटारीवाचून काही अडले नाही. हाती आले त्या वाद्यातून या लोकांनी स्वतःचा आवाज काढला.

गाणे रचण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. शाहीर प्रथम चाल पक्की करतो, कारण नाचणाऱ्यांची पावले चालीवर ठरतात. कधी ती पारंपरिक असते, कधी त्या वर्षी गाजलेल्या चित्रपटगीताची. मग त्या मापात शब्द बसवायचे. पालुपद लहान हवे, झील धरणाऱ्यांना ते एकदा ऐकून उचलता आले पाहिजे. नाचणाऱ्या माणसाला दम घ्यायला जागा हवी, म्हणून ओळ फार लांबवता येत नाही. वहीत सुबक दिसणारी ओळ तालमीत तोंडात अडखळते आणि ढोलकीवाला थांबून सांगतो की येथे एक अक्षर जास्त होते आहे. तो गाण्याचा पहिला समीक्षक. शाहिराला राग आला तरी शब्द कापावा लागतो. तालमीत दहा जणांच्या तोंडून घासून निघालेले गाणे अंगणात उभे राहते. एकट्याने रात्री लिहून तसेच आणलेले बहुधा राहत नाही.

सवाल-जवाबासाठी वाचनही लागते. प्रतिपक्ष रामायण-महाभारतातला किंवा पुराणातला एखादा दुर्मीळ संदर्भ विचारतो आणि उत्तर पद्यात द्यावे लागते. मागच्या वर्षीचे उत्तर सर्वांना ठाऊक झालेले असते, म्हणून दरवर्षी नवे गाणे हवे. शाहिरांची गाण्यांची वही अशी वर्षागणिक जाड होत जाते. ही मंडळाची पहिली वही.

या वहीतील गाण्याचे शेवटचे कडवे नीट पाहावे. त्यात शाहीर आपले नाव, गुरूचे नाव, गावाचे किंवा मंडळाचे नाव गुंफतो. जैन वाचकांना ही रीत परकी नाही. आनंदघनजींच्या स्तवनांत त्यांचे नाव शेवटी येते. उपाध्याय यशोविजयजींच्या रचनांत 'जस' ही खूण सापडते. छापखाना आणि कायदा गावोगाव पोहोचण्यापूर्वी रचनेवरचा हक्क सांगण्याची ही सोय होती. गाणे शंभर तोंडांतून फिरले तरी रचणाऱ्याचे नाव त्याच्यासोबत फिरत राही. त्या नावाला गुरूची आणि गावाची जोड असे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. रचना एकाची असली तरी ती उभी करणारे अनेक आहेत, याची ती नोंदच होय.

दुसरी वही हिशेबाची. कार्यक्रम ठरवून विसार देण्याला 'सुपारी' म्हणतात, आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या मुलखात हा शब्द दुहेरी अर्थाने शोभतो. सुपारीची रक्कम मोठी वाटते; पण त्यातून टेम्पोचे भाडे, कपडे, ध्वनिक्षेपक, ढोलकीची पुडी आणि सर्वांचे जेवण वजा होते. उरलेले वाटताना शाहिराला दोन वाटे द्यायचे की एक? ज्याचे वाद्य त्याला वाद्याचा वेगळा वाटा असावा का? जो तालमीला आला पण कार्यक्रमाला येऊ शकला नाही, त्याचे काय? हे प्रश्न सुपारी घेण्यापूर्वी सुटले नाहीत, तर कार्यक्रमाच्या रात्रीनंतर ते भांडण होऊन येतात.

त्या वहीत थोडी शिल्लकही हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्याच वर्षी साथीमुळे लग्नांच्या वराती आणि उत्सवांची गर्दीही थांबली. बागेतली सुपारी गेली आणि कार्यक्रमाचीही गेली. पोफळीचे नवे रोप धरते व्हायला पाच-सात वर्षे जातात. मोडलेले मंडळ पुन्हा जुळवायलाही तेवढीच चिकाटी लागते. अशा वर्षी वाद्ये विकावी लागू नयेत, एवढी शिल्लक ठेवणे ही चैन नसून गरज आहे.

कलावंतांना हिशेबाची काय जरूर, असे कोणी म्हणेल. त्याने मराठी संगीत रंगभूमीकडे पाहावे. १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी ती मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. एकाचा गळा, दुसऱ्याचा अभिनय, तिसऱ्याच्या चाली. याहून उत्तम भागीदारी कल्पिता येणार नाही. तरीही पुढे काही वर्षांत टेंबे बाहेर पडले, बोडसही बाहेर पडले. नाट्यगृहे भरलेली असतानाही मंडळी कर्जात सापडली. वेशभूषा, गालिचे, अत्तरे यांवरचा खर्च उत्पन्नाला विचारून होत नव्हता. बालगंधर्वांच्या गाण्याची थोरवी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र सुराची पत आणि पेढीची पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या जोरावर दुसरी निभावत नाही.

आजच्या तरुणांना कायद्याने बरीच सोय करून दिली आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर नफा समान वाटला जातो. कोणाला दोन वाटे द्यायचे असतील तर ते आधी लिहिलेले बरे. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसलेल्या पेढीला करारानुसार येणे असलेले पैसे बाहेरच्या माणसाकडून न्यायालयामार्फत वसूल करता येत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत लिहिले किंवा चाल बांधली की हक्क आपोआप निर्माण होतो आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी गाणे दिले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनातील गीतकार-संगीतकारांचा वाटा राखून ठेवला. उलट बाजूही तितकीच खरी आहे. चित्रपटाच्या चालीवर शब्द बसवून केलेले गाणे अंगणात कोणी अडवत नाही. तेच ध्वनिमुद्रित करून प्रसारित करायचे तर मूळ चालीच्या हक्कदाराची परवानगी लागते. भक्तिगीतांच्या ध्वनिफिती काढणाऱ्या मंडळांनीही हे ध्यानात घ्यावे.

एवढे सांगूनही बँडमधून संसार चालेल, असे आश्वासन कोणी देऊ शकणार नाही. जाखडीच्या मंडळांतील बहुतेक माणसे वर्षभर नोकरी, शेती किंवा मजुरी करतात आणि हौसेने गातात. पण या हौसेतून दुकानाला लागणारे बरेच काही शिकायला मिळते. वेळ पाळणे, दुसऱ्याचे ऐकून आपला शब्द कापणे, हरलेल्या रात्रीनंतर पुन्हा तालमीला बसणे आणि सर्वांसमोर हिशेब मांडणे या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत.

तेव्हा घरातील मुलाने बँडची गोष्ट काढली की त्याला दोन कोऱ्या वह्या द्याव्यात. एकीत गाणी लिहावीत आणि प्रत्येक गाण्याखाली ते कोणी रचले, चाल कोणाची, तारीख कोणती, हे नोंदवावे. दुसरीत पहिल्या पानावर चौघांनी ठरवलेले वाटे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. बँकेत मंडळाच्या नावाने खाते उघडून ते दोघांच्या संयुक्त सहीने चालवावे. दिवाळीला घरच्या चोपड्यांचे पूजन होते, तेव्हा याही दोन वह्या शेजारी ठेवायला हरकत नसावी.